कोटावरचं वास्कट

पिंगळी स्टेशनावर त्या दिवशी लोक गाडी बघायची सोडून मला बघत होते. भर वैशाखात अंगात शर्ट, टाय, कोट आणि कोटावर वास्कट! होय मंडळी, वरून. पाचही बटणं लावलेली. तुमच्यापैकी काहीजण फलाटावर होतात. हसला असाल तर आता कबूल करा, मी रागावणार नाही.

विद्यापीठाच्या नामांतराच्या मागणीवरून पेटलं, त्या साली आमच्या वस्तीतली घरं जळाली. आमचंही. माझा बा, दुसऱ्याच्या रानात राबणारा माणूस, अंगावरच्या धोतरानिशी आम्हाला घेऊन बाहेर पडला. दोन वर्षांनी मला पुण्यात बँकेत नोकरी लागली, तेव्हा त्याने एकच हट्ट धरला. पोरगं जाईल ते पुऱ्या सुटात, वास्कटासकट, गावाच्या मधल्या रस्त्याने.

शिवायला आम्ही सोनपेठला, आईच्या माहेरी गेलो. तिथल्या गनीमामूंनी जन्मभर शेरवान्या नि जाकिटं शिवलेली. जाकीट सदऱ्यावर घालतात, म्हणजे वास्कट कोटावर, असा त्यांचा सरळ विचार. मी चाचरत शंका काढली, तर कात्री रोखून म्हणाले, "अरे बेटा, अंदर पहनेगा तो दिखेगा कैसा?"

बा खूश. "दिसलंच पायजे," म्हणाला.

पुण्यात पहिल्याच दिवशी साहेबांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. मी पडलो नाटकी. एक गिरकीही घेऊन दाखवली. संध्याकाळी वास्कट पेटीच्या तळाशी ठेवलं. पुढे भाड्याची खोली शोधताना मी नाव खणखणीत सांगायचो आणि आडनाव पुटपुटायचो.

वर्षातून एकदा मात्र पिंगळी यायच्या आधी डब्याच्या संडासात शिरून वास्कट कोटावर चढवायचो. हलत्या गाडीत ही कसरतच असते, एक कोपर हमखास नळाखाली जातं. फलाटावर बा ते खाली ओढून नीट करायचा आणि माझ्या एक पाऊल मागून चालायचा. समोरून येणाऱ्याला आधी मी दिसावं म्हणून.

मग बढती मिळाली. पुण्याच्या शिंप्याने वास्कट उसवून चार बोटं आत घेतलं. आता ते कोटाच्या आत छान बसलं. अगदी साहेबी.

मोठ्या साहेबांची बैठक होती त्या दिवशी तार आली. तसाच निघालो. बा बाजेवर होता. त्याची नजर माझ्या छातीवर फिरली.

"वास्कट कुटं हाय रं?"

मी कोट उघडून दाखवला. "आसंच घालत्यात बा, सगळीकडं."

त्याने बोटांनी ते चाचपलं. "आत कामून? कोनाला भ्यायलास?"

मी घाईने वास्कट काढून कोटावर चढवलं. बटणं काजांपर्यंत पोहोचेनात. पोट आत ओढलं, श्वास धरला, डोळे फिरवले. बा हसला, माझ्या सोंगांना नेहमी हसायचा तसाच. "ऱ्हाऊ दे," म्हणाला आणि कुशीवर वळला. दुसऱ्या दिवशी गेला.

विद्यापीठाचं नाव बदललं तेव्हा वस्ती नाचली म्हणे. बा नव्हता. आता आई माझ्याकडे पुण्यात असते, गावात आमचं कोणी नाही. तरी वर्षातून एकदा पिंगळीच्या अलीकडे मी वास्कट कोटावर चढवतो. बटणं उघडीच राहतात. फलाटावरची पोरं खिदळतात, मी मान लववून त्यांना सलाम ठोकतो. माझं घर आता एवढंच आहे: स्टेशनापासून वस्तीपर्यंतचा रस्ता. तो मी सावकाश चालतो. एक पाऊल मागून येणाऱ्याला दम लागू नये म्हणून.