मल्लप्पाचा भोंगा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी सांगत असताना मधे कोणी हसलेलं मला चालत नाही. फजिती माझी आहे, तेव्हा नियमही माझेच.

मी चौथी शिकलो. सात रस्त्याजवळ लेथवर काम केलं आणि कोणापुढे मान खाली घातली नाही. एकदाच घातली. ती सायरनपायी.

एकाहत्तरच्या लढाईत गावात सायरन वाजायचे. दिवे घालवा, गप्प बसा. लढाई संपली, लोक सायरन विसरले. मला मात्र त्या आवाजाचं वेड लागलं. दुसरा वेडा म्हणजे नरसय्या, मागावर चादरी विणणारा माझा तेलुगू दोस्त. कुठे जुना सायरन आहे असं कानावर आलं की आम्ही सायकली काढायचो. लोक देवळं बघत हिंडतात, आम्ही सायरन बघत हिंडायचो. कचेऱ्यांची छपरं, भंगाराची दुकानं, एकदा तर कोंबड्यांचं खुराडं. बघायचं, तेल घालायचं, आवाज ऐकायचा आणि घरी यायचं. सांगा, यात काय चुकलं?

आमच्या भागातली एक गिरणी तेव्हा बंद होती. नाव सांगत नाही. तिच्या गच्चीवर हाताने फिरवायचा विलायती सायरन आहे, हिटलरच्या लढाईतला, अशी बातमी नरसय्याने आणली. तसला आम्ही कधी पाहिला नव्हता. गिरणीचा पहारेकरी इस्माईल ओळखीचा. बरेच दिवस तो नको म्हणाला. शेवटी एका संध्याकाळी कबूल झाला.

“उस्ताद, देखने का तो देखो. लेकिन भोंगा नक्को बजाव.”

“भोंगा कोण वाजवतोय? भोंगा वाफेवर वाजतो. हा सायरन आहे.”

“मेरे कू दोनो एकीच.”

“म्हणून तू पहारेकरी आहेस,” मी म्हणालो.

आता त्याचं म्हणणं काय होतं ते ऐका. गिरणी बंद करताना मालकाने कामगारांना सांगितलं होतं, बॉयलर दुरुस्त झाला की भोंगा वाजेल, वाजेल त्या दिवशी कामावर या. सगळी चाळ त्या भोंग्याकडे कान लावून बसली होती. हे मलाही ठाऊक होतं. पण मी भोंग्याला हात लावणारच नव्हतो. मग काळजी कसली?

इस्माईलने आम्हाला आत घेतलं, बाहेरून कुलूप घातलं आणि तो नमाजाला गेला.

बंद गिरणीत तुम्ही कधी गेला आहात? जाऊ नका. मागांच्या रांगा तशाच उभ्या होत्या. वरून पट्टे लोंबत होते. वारा नव्हता, तरी एक पट्टा हलत होता. एका मागावर अर्धी चादर तशीच होती. कोणीतरी विणता विणता उठून गेल्यासारखी. नरसय्या माझ्या सदऱ्याला धरून चालत होता. मी त्याला रागावलो नाही. मीच थोडा त्याच्याकडे सरकलो होतो.

गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी सायरन होता. ओतीव लोखंड, लाकडी मुठीचा दांडा. गंजलेला, पण जिवंत. मी तेल सोडलं. नुसता अर्धा फेरा देऊन बघू म्हटलं.

“वद्दु,” नरसय्या म्हणाला. म्हणजे नको.

मी फिरवला. आधी पोटातून गुरगुर आली. मग आवाज चढत गेला, आणि तो असा रडायला लागला की माझ्याच अंगावर काटा आला. मी हात सोडला. तो थांबेना. हात सोडला तरी सायरन बराच वेळ रडत राहतो, हे आम्हाला ठाऊक असायला हवं होतं. आम्ही जाणकार ना!

आवाज विरला, आणि खाली चाळीत एक दार उघडलं.

मग दुसरं. मग सगळी गल्ली. माणसं सदऱ्याच्या गुंड्या लावत बाहेर आली. बायांनी पदर खोचले. कोणी डबा घेतलेला, कोणी रिकाम्या हाताने. धावत नव्हती, बोलत नव्हती. कामावर जातात तशी चालत आली आणि फाटकासमोर रांगेत उभी राहिली. अंधारून येत होतं. तोंडं दिसेनाशी झाली. फक्त डब्यांच्या कड्या वाजत होत्या.

नरसय्या पुटपुटला, “खाली जा. सांग.”

काय सांगू? मी टाकीमागे बसलो. हो, मीच. उकिडवा.

मग खालून एका बाईचा आवाज आला. गच्चीकडे तोंड करून ती कोणाला तरी विनवत होती.

“मल्लप्पा, आत घे की रे. लई दिस झालं.”

मल्लप्पा म्हणजे गिरणीत भोंगा वाजवणारा माणूस. गिरणी बंद पडली आणि पाठोपाठ तो वारला. 

तेवढ्यात इस्माईल आला. बिचाऱ्याची नोकरी जायची वेळ. कुलूप दाखवून म्हणाला, “अंदर कोई नहीं. देखो, ताला है.”

बाहेरून कुलूप, आत कोणी नाही, आणि गच्चीवरून रडण्याचा आवाज. पुढचं तुम्हाला कळलंच. माणसं आली तशीच मुकाट परत गेली. दुसऱ्या दिवशी फाटकाला लिंबू-मिरच्या लागल्या. तिन्हीसांजेला तो रस्ता ओस पडू लागला. मल्लप्पा बोलावतो, त्याच्या भोंग्याला जो आत जाईल तो बाहेर येणार नाही, असं चाळीत ठरलं. मी सगळं ऐकत होतो आणि लेथ चालवत होतो. बोललो तर इस्माईल घरी बसणार. आणि खरं कारण हे, की मला लाज वाटत होती.

पुढे बॉयलर दुरुस्त झाला. एका सकाळी गिरणीचा भोंगा वाजला. खरा, वाफेवरचा.

थोड्या वेळाने इस्माईल धापा टाकत माझ्याकडे आला.

“उस्ताद, भोंगा हुआ, आदमी नहीं आया. सब कड़ी लगा के बैठे. मालिक बोलता, आज पाळी नहीं भरी तो बॉयलर बुझा देता.”

एवढ्या घरांची चूल माझ्या बोलण्यावर अडली होती. मी नरसय्याला घेतलं आणि चाळीत गेलो. पहिलंच दार काशीबाईचं. ती गिरणीत सूत गुंडाळायची. 

“दार उघडा. भोंगा खरा आहे.”

“कशावरनं?” आतून. आवाजावरून ओळखलं, त्या दिवशी विनवणारी हीच.

“मागचा मी वाजवला होता.”

दार बोटभर उघडलं.

“तुमी? खोटं. म्या डोळ्यानं बगितला मल्लप्पा. ह्यो उंच हुता.”

“मी खोक्यावर उभा होतो.”

“लाल पटका हुता.”

“धूळ होती म्हणून रुमाल बांधला होता.”

“मग खाली आमी उभं हुतो, तवा तोंडाला काय झालं हुतं?”

आतापर्यंत सगळी गल्ली दारात आली होती. मी मान खाली घातली.

“टाकीमागं लपलो होतो,” मी म्हणालो.

“मोठ्यानं बोला. पल्याडच्या घरात ऐकू जाईना.”

मोठ्याने बोललो. मग पुढच्या गल्लीत बोललो. मग त्याच्या पुढच्या. प्रत्येक दारात, मी भूत होतो, मी भूत होतो. मागे नरसय्या साक्षीदार म्हणून मान हलवत होता. पोरं पाठीमागे लागली. पण माणसं निघाली. बायांनी पदर खोचले, डबे उचलले, आणि या वेळी सगळी एकमेकांशी बोलत होती. माझ्याबद्दलच.

पाळी भरली. धुराड्यातून धूर निघाला. मी फाटकाशी उभा होतो. आत जाता जाता काशीबाई थांबली.

“मिस्त्री, एक सांगू का?”

“सांगा.”

“मल्लप्पा मेल्यावर बी तुमच्यापेक्षा बरा वाजवल.”