गुहागरला राखलेल्या चपला

प्रिय ईशान आणि रेवा,

तुमचा समुद्रावरचा फोटो मिळाला. वाळूत चारी दिशांना फेकलेल्या तुमच्या चपला पाहून आधी जीव वैतागला, मग गुहागर आठवलं.

लग्नानंतर आम्ही पहिल्यांदाच समुद्रावर गेलो होतो. तुमचे आजोबा पँट दुमडून थेट पाण्यात शिरले. मी दोघांच्या चपला जोडीनं लावल्या, त्यांचं घड्याळ आणि चष्मा रुमालात बांधला आणि राखण करत बसले. सुरूच्या बनातून वारा येत होता, खाली ओली वाळू गार लागत होती.

“अगं, ये की! पाणी काय छान कोमट आहे!”

“आणि हे कोण सांभाळणार?”

“इथे कोण नेतंय?”

“देवळाबाहेरून दोनदा गेल्या तुमच्या. तेव्हाही असंच म्हणाला होतात.”

ते हसले आणि अंधार पडेपर्यंत एकटेच डुंबत राहिले. माझं बरोबर असूनही हसले, म्हणून परतीच्या एसटीत मी त्यांच्याशी बोलले नाही.

पुढे संसाराच्या धबडग्यात दोघांनी समुद्रावर जाणं राहूनच गेलं. आता आजोबा नाहीत, आणि राग येतो तो माझाच. त्या एवढ्या लांबलचक किनाऱ्यावर त्या संध्याकाळी आमच्याखेरीज चिटपाखरूही नव्हतं.