दाता म्हणून बसत नाहीत

रक्ताच्या डॉक्टरकडे माणूस हसत येत नाही, हे मॅडमना पहिल्याच वर्षी कळलं. सर्दी-खोकल्याच्या डॉक्टरला लोक रस्त्यात थांबवून गप्पा मारतात. मॅडम दिसल्या की लोक पलीकडच्या फुटपाथवर जायचे. "मला बघूनच अर्ध्यांच्या पोटात गोळा येतो," असं त्या स्वतःच सांगायच्या आणि वर खो खो हसायच्या.

एकोणतीस वर्षं त्यांनी एकाच इस्पितळात काढली. तिसऱ्या मजल्यावर, कॉरिडॉरच्या टोकाला त्यांची खोली. खिडकीपाशी सूक्ष्मदर्शक, बाजूला काचपट्ट्यांचे खोके, आणि एक खुर्ची, जी त्यांच्याखेरीज दुसरं कोणी बसलं की हमखास कलायची. रक्त मोजायचं मशीन धडाधड आकडे छापून द्यायचं, पण मॅडमचा त्याच्यावर विश्वास बेताचाच. "त्याला काय, सगळे सारखेच," म्हणत प्रत्येक काच त्या स्वतः डोळ्याखालून घालायच्या. तोंडाच्या फटकळ होत्या, मदतनिसांना सळो की पळो करून सोडायच्या, पण पेशंटशी कधी खोटं बोलल्या नाहीत.

म्हणजे, एक वाक्य सोडून.

त्याचं असं होतं. काही रक्ताच्या आजारांत पेशंटच्या हाडांतला मगज बाद होतो आणि दुसऱ्या कोणाच्या पेशी त्याच्या अंगात घालाव्या लागतात. आधी सख्ख्या भावंडांची तपासणी. कोणाचं जुळलं, तर त्याला चार-पाच दिवस इंजेक्शनं, मग काही तास मशीनला जोडून पडायचं. अंग दुखतं, पण चार दिवसांत माणूस ठणठणीत. तरीसुद्धा एखादा भाऊ, एखादी बहीण एकटीच यायची, दार लावून घ्यायची आणि म्हणायची, "मॅडम, मला नाही द्यायचं. पण घरी सांगू नका हो."

पहिल्यांदा असं झालं ते एका शिंप्याच्या बहिणीच्या बाबतीत. मॅडम संतापल्या, पण करणार काय? कोणाच्या हाडांतलं असं ओरबाडून घेता येत नाही. आणि घरच्यांना कळलं, तर त्या बाईला जन्मभर कोणी उभं करणार नाही. तेव्हा त्यांनी ते वाक्य शोधून काढलं: "तपासणीत त्या दाता म्हणून बसत नाहीत." ज्याचं मन नाही तो बसत नाहीच की, यात खोटं काय, असं त्यांनी स्वतःला समजावलं. शिंप्यानं उलट बहिणीचीच समजूत काढली आणि आठ महिन्यांनी गेला.

पुढे मॅडम हे शिकाऊ डॉक्टरांनाही शिकवू लागल्या. "हे सांगताना फाइलमध्ये डोकं खुपसायचं नाही. सरळ डोळ्यांत बघायचं. पापणी हलली की मेलात!" त्या शिंप्याला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही, हे त्या अभिमानानं सांगायच्या.

छप्पन्नाव्या वर्षी मॅडमना थकवा जाणवू लागला, हातापायांवर निळे डाग उठले. त्यांनी स्वतःच रक्त काढून घेतलं, स्वतःच काच बघितली, आणि स्वतःच म्हणाल्या, "झालं कल्याण!" रक्ताचा कर्करोग. उपचार करायला त्यांचीच विद्यार्थिनी, जिला सगळे धाकट्या मॅडम म्हणत. पहिल्या औषधांनी आजार मागे हटला, पण दुसऱ्याच्या पेशी मिळाल्या नाहीत तर वर्षाच्या आत तो परत येणार, हे दोघींनाही पाठ होतं. मॅडमनी लग्न केलेलं नव्हतं, आई ऐंशीच्या पुढे, अनोळखी दात्यांच्या यादीत कोणी जुळेना. उरला एक धाकटा भाऊ.

आईच्या देखतच तो म्हणाला होता, "ताई, माझं रक्त काय नि तुझं काय! हवं तेवढं घे." तपासणीचा कागद आला तेव्हा लॅबवाला जिने चढत धापा टाकत आला. "मॅडम, शंभर टक्के जुळलं!" मॅडम त्या दिवशी पोटभर जेवल्या. कित्येक आठवड्यांनी.

आठवड्यानं धाकट्या मॅडम खोलीत आल्या, पलंगापाशी खुर्ची ओढून बसल्या. "मॅडम, तुमचे भाऊ तपासणीत दाता म्हणून बसत नाहीत." सरळ डोळ्यांत बघून. पापणी म्हणून हलली नाही.

मॅडमनी एकही प्रश्न विचारला नाही. विचारला असता, तर पोरीला भावाचं गुपित फोडावं लागलं असतं, आणि तसं शिकवलं नव्हतं. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि भिंतीकडे वळून झोपल्या. केसानं गळा कापला रे, असं मनात शंभरदा म्हणाल्या.

त्यानंतर भाऊ रोज यायचा. संत्री सोलायचा, उशी नीट करायचा. "माझंच नशीब फुटकं, ताई," म्हणून डोळे पुसायचा. आई फोनवर सांगायची, "अगं, तू त्याला धीर दे. जेवत नाहीये तो." आणि मॅडम धीर द्यायच्या! दहा दिवस त्यांनी हे सहन केलं.

अकराव्या दिवशी दुपारी तो पुन्हा नशिबावर आला, तेव्हा त्या म्हणाल्या, "पुरे कर. ते वाक्य माझं आहे."

त्याला आधी कळेना. मग चेहरा पांढराफटक पडला. "कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"वाट बघत होते रे. वाटलं, आज नाही उद्या तयार होशील."

तो उठून खिडकीपाशी गेला. बोलला तेव्हा आवाज चढलेला होता. "लहानपणापासून सगळं तुलाच. तुझी परीक्षा की घरात रेडिओ बंद. मी तापानं फणफणलो तरी आई म्हणायची, हळू खोक, ताई अभ्यास करतेय. तू बाहेरगावी शिकायला गेलीस म्हणून मी दुकानात बसलो, तो आजतागायत. आणि आता हाडांतलंही तुलाच देऊ?"

मॅडमना आठवलं. खरं होतं सगळं. "चुकलं असेल आमचं," त्या म्हणाल्या, "पण तेव्हा तुझा खोकला होता रे. इथे माझा जीव जातोय."

तो परत येऊन संत्र्याची सालं गोळा करू लागला. मग हळूच म्हणाला, "आईला सांगणार आहेस?"

"नाही."

त्याचा जीव भांड्यात पडला. लपवताही आलं नाही त्याला. रुमालानं तोंड पुसलं, पिशवी उचलली. दारापर्यंत जाऊन तो थांबला, वळला. मॅडम कोपरावर जोर देऊन उठून बसल्या. आता विचारेल, तुझं काय होणार, किती दिवस आहेत, अजूनही वेळ गेली नाही ना.

"उद्या आईला घेऊन येतो," तो म्हणाला, "चेहरा जरा नीट ठेव हं, ताई. तिला लगेच कळतं."