चपला बाहेर, दीपमाला आत

तासगावजवळच्या आमच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये दीपमाला कॉम्प्युटर सांभाळते. कुणाच्या पेट्या कोणत्या खोलीत, हे सगळं तिच्या एकाच मशीनवर. इथली रीत अशी, की थंड खोलीत शिरताना चपला दाराशी काढायच्या. खाण्याचा माल असतो, आणि दाराशी चपला दिसल्या की कुणी बाहेरून कडी घालत नाही.

ही रीत या बाईनं कॉम्प्युटरलाही लावली. काही नवीन करून बघायचं असलं की ती मशीनमध्येच एक वेगळी खोली करते. सीएचरूट नावाचा हुकूम दिला, की स्क्रीनवरच्या त्या चौकटीपुरतं मशीनचं मूळच बदलतं. एक फोल्डर म्हणजे सगळं जग. त्याबाहेरचं काही दिसत नाही, हाताला लागत नाही. आत गेली की ही टेबलाखाली चपला काढणार, बाहेर आली की घालणार. आम्ही लय हसायचो, पण ती ऐकेल तर शपथ.

परवा काम झाल्यावर ती खोली मोकळी करायची होती. मुळापासून सगळं पुसायचा हुकूम तिनं दिला आणि सहज खाली पाहिलं, तर पायात चपला.

म्हणजे ती खोलीबाहेर, आणि पुसलं जातंय ते अख्खं मशीन! मघाशी ती चहाला उठली होती. तेव्हा खोलीतून बाहेर पडायचा हुकूम दिला होता, की नुसत्याच चपला सरकवल्या होत्या? काही केल्या आठवेना. फाइलींची यादी मागितली, तर मशीन म्हणे असला हुकूमच ठाऊक नाही. म्हणजे हुकूमसुद्धा पुसले गेले होते. जपून ठेवलेली नक्कल गेल्या आठवड्याची, आणि बरीचशी आवक त्यानंतरची. बनुबाईंचा वर्षाचा सगळा बेदाणा त्यातच होता, आणि त्या माल सोडवायला येऊन काउंटरसमोर बसल्या होत्या.

काउंटरच्या स्क्रीनवरही याच मशीनमधल्या नोंदी दिसायच्या. दीपमालानं तिथल्या यल्लाप्पांना बनुबाईंचा माल कुठं दिसतो ते बघायला सांगितलं.

"चार नंबरात दावतंय की," यल्लाप्पा म्हणाले. "समदं हाय जिथल्या तिथं. का गं?"

चपला खोटं बोलल्या होत्या. ती अजून आतच होती, आणि पुसली गेली ती फक्त मोकळी करायची खोली, तिच्यातल्या हुकमांसकट. दीपमाला हसता हसता रडायला लागली.

मग ती उठली, काउंटरपाशी गेली आणि बनुबाईंना तिनं घट्ट मिठी मारली.

"आगं, माजा माल गावला न्हवं?" बनुबाई घाबरून म्हणाल्या.

"गावला, मावशी," दीपमाला म्हणाली, आणि मिठी काही सोडेना.