कुंपणावरून जाणारं ताट

ज्वा गिसुकला कॅमेरा कुणी शिकवला नाही. संत्र्यांच्या गोदामात पेट्या भरणारी बाई ती. गावाशेजारी लष्करी तळ यायला लागला तेव्हा रस्त्यावर जाऊन बसली. पोलिसांनी उचलून बाजूला टाकली, आणि संध्याकाळच्या बातम्यांत हिनेच दगड मारले असं आलं. तिचं टाळकं सटकलं. जुना कॅमेरा घेतला, "आता आमचं आम्हीच दाखवू" म्हणाली आणि माहितीपट काढत सुटली. शांततेचे चित्रपट बघून झोप येते, असं शहरातले शहाणे म्हणत. ती तोंडावर सांगे, "येणारच. तुमच्या घरचं कुणी गेलेलं नाही!"

नवा माहितीपट तिच्या स्वतःच्याच गावावर होता. जेजू बेटावर १९४९च्या हिवाळ्यात लष्कराने शाळेच्या पटांगणात गावातली माणसं उभी करून मारली. सगळी एकाच दिवशी गेली, म्हणून घरोघरची श्राद्धंही एकाच रात्री येतात, आणि सकाळी ताटं या घरून त्या घरी फिरतात. मेलेल्यांत बू मालसून मावशीचा थोरला भाऊ होता. त्याच्याकडे बोट दाखवलं ते शेजारच्या ह्यन थेबोकच्या बापाने. मार खाऊन दाखवलं असेल, पण दाखवलं. तो बाप कधीच गेला. मुलगा थेबोक आता सत्तरीचा. आणि गिसुकला कळतंय तेव्हापासून मावशीचं पहिलं ताट काळ्या दगडी कुंपणावरून त्याच्याच हातात जातं.

चित्रपटाचा शेवट तोच होता. दोन म्हातारे हात, मध्ये ताट. याहून मोठी क्षमा कुठे बघायला मिळणार? बेटावरच्या सगळ्या शाळा हा चित्रपट मुलांना दाखवणार होत्या. पण गिसुकचा एक नियम होता. ज्यांचं चित्र, त्यांनी आधी बघायचं, आणि त्यांनी नको म्हटलं तर कापायचं.

गावच्या सभागृहात खिडक्यांना गोधड्या लावून दुपारी खेळ झाला. शेवटी ते हात आले. कुणीतरी नाक ओढलं. आणि मालसून मावशी खदाखदा हसली.

"काय गं गिसुक, मी ह्याला माफ केलं होय?"

"मग मावशी, ते ताट?"

"माझ्या भावाच्या नावाचा घास दरसाल ह्याच्या घशाखाली उतरला पाहिजे, म्हणून देते. विसरायची सोय नको. माफी कसली डोंबलाची!"

मागच्या रांगेत थेबोक मांडी घालून बसला होता. तो हलला नाही. "मला ठाऊक आहे," म्हणाला. "म्हणून तर खातो."

"आणि मेला ताट कधी नीट धुऊन देत नाही!"

"धुतो! तुला चष्म्याशिवाय दिसत नाही, ताई!"

लोक हसले. गिसुक पुढे आली. "मावशी, कापू का ते?"

"मला काय विचारतेस? दिलं हे खरं आहे ना?"

गिसुकने शेवट कापला. मग उरलं नुसतं मरण. परत जोडला, तर आता तो खोटा वाटायला लागला. मुलांना काय सांगायचं, ही शांतता आहे की सूड? शाळांच्या समितीचा फोन आला की ती खेकसायची, "झालेलं नाही अजून!" आणि ठेवून द्यायची. असं करता करता श्राद्ध आलं.

त्या वर्षी मावशी तापाने अंथरुणावर होती. भाचीने सगळं केलं, पण ताट काही गेलं नाही. सकाळी गिसुक खांद्यावर कॅमेरा घेऊन पोचली, तर थेबोक स्वच्छ कोट घालून, केस विंचरून अंगणाच्या तोंडाशी उभा.

"कोण आहे?" आतून मावशी.

"मी. ताट आलं नाही."

आत मावशी खोकली. मग, "आत ये. पाय पुस."

इतक्या वर्षांत त्याने ते कुंपण ओलांडलं नव्हतं. श्राद्धाच्या टेबलावर मांडलेल्या मावशीच्या भावाच्या फोटोसमोर आला आणि वाकायला लागला.

"त्याच्या पाया पडू नकोस!" मावशी ओरडली.

तो तसाच अर्धा वाकलेला राहिला. "मग काय करू?"

"खा."

थेबोक खाली बसला. कुट्टूच्या पिठाचं गुंडाळलेलं धिरडं उचललं आणि चावायला लागला. गिसुकने कॅमेरा डोळ्याला लावला.

"मावशी, घेऊ का?"

"घे. पण काय घेतेस ते सांग."

  गिसुकने बटण दाबलं. चौकटीत म्हाताऱ्याचा हलणारा जबडा होता, मागे तो फोटो, आणि बाजूने मावशीचा चिडका आवाज.

"मासा घे रे, थेबोक. नुसतं धिरडं काय खातोस."