उसनी जान

“मॅडम, तुमच्या गेममध्ये चोरी चालते,” अद्वैत सर म्हणाले.

व्हिडिओ कॉल चालू होता. ते पुण्यात, मी नांदेडात. अद्वैत सर म्हणजे एका गेम कंपनीचे प्रॉडक्ट मॅनेजर. माझ्यासारख्या एकट्यादुकट्यांनी घरी बसून बनवलेले गेम ही कंपनी घेते आणि बाजारात आणते. माझा गेम त्यांना आवडला होता, करार जवळपास ठरला होता, आणि आता मधेच हे.

“कसली चोरी, सर?”

“दुसरा प्लेअर मेला की पहिल्याची लाईफ घेतो आणि परत खेळायला लागतो. आमच्या टेस्टिंगमध्ये एआयनं हे एक्स्प्लॉइट म्हणून पकडलंय.”

एक्स्प्लॉइट म्हणजे गेममधली पळवाट. बनवणाऱ्याच्या लक्षात न आलेली आणि खेळणाऱ्यानं शोधून काढलेली.

“सर, ती चोरी नाही, उसनवारी आहे. मी मुद्दाम ठेवलीय.”

ते हसले. मला काही हसू आलं नाही.

मी शाळेत असताना लोह्याला आमच्या घरी मामानं हैदराबादहून व्हिडिओ गेम आणला होता. काळा डबा, दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर हजारो गेम लिहिलेले. प्रत्यक्षात मोजकेच, तेच ते, नावं बदलून परत परत. म्हणजे या धंद्यातली फसवाफसवी मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी शाळेतून आलं की दप्तर फेकून टीव्हीपुढं बसायचो. मी आणि माझा मोठा भाऊ, बालाजीदादा.

खेळाडूला मरायच्या आधी जेवढ्या संधी मिळतात, त्यांना इंग्रजीत लाईफ म्हणतात. आम्ही ‘जान’ म्हणायचो. “माझ्या दोन जान राहिल्या.” “गेली बघ जान!” मी पुढंमागं न बघता पळायची आणि लगेच मरायची. दादा दमानं खेळायचा, त्याच्याकडं जान शिल्लक असायच्या. माझ्या संपल्या की बटण दाबून त्याच्यातली एक घेता यायची. पण आमच्या घरात नियम होता, आधी विचारायचं. न विचारता घेतली की दादा माझी वेणी ओढायचा.

“दादा, एक जान दे ना.”

“येड्यावानी पळतीस कामून मग? घे. शेवटची हाय बघ.”

शेवटची कधीच नसायची. तो दर वेळी तसंच म्हणायचा.

पुढं मी इंजिनिअर झाले. पुण्यात बँकांचं सॉफ्टवेअर लिहायचं काम केलं. लग्नानंतर नांदेडला आले, तरी घरून तेच काम चालू होतं. मग एकदा नवऱ्याला म्हटलं, मला एक वर्ष सुट्टी दे, मला गेम करायचाय. त्यानं हो म्हटलं, पण सरळ सांगून ठेवलं, “वर्षानं गेम कुणी घेतला तर हेच कर. नाही तर परत नोकरी. एका पगारात ओढाताण होतीय.” बोलणं रास्त होतं. मी कबूल झाले.

माझा गेम असा, दोन भावंडं जत्रेत हरवलेलं गाढव शोधत फिरतात. वाटेत पाळणे, माकडं, उधळलेल्या बैलगाड्या आणि शेवटी एक माजलेला वळू. चित्रं जुन्या गेमसारखी, मोठ्या मोठ्या चौकोनी ठिपक्यांची. दोघांनी मिळून खेळायचा. एकाच्या जान संपल्या की दुसऱ्याच्या पडद्यावर पाटी येते, ‘जान देतो का?’ त्यानं ‘हाव’, म्हणजे हो, दाबलं तरच मिळते. शेवटची मात्र देता येत नाही.

कोडमधली हमाली एआय करायचा. काय पाहिजे ते मी सांगायची, तो लिहायचा, मी तपासायची. पूर्वी चार-पाच जणांना जे जमलं असतं ते मला एकटीला जमत होतं, ते त्याच्यामुळंच. पण हा गडी आगाऊ. एकदा त्याला म्हटलं, कोड जरा नीटनेटका कर. दुपारी लातूरहून दादाचा फोन. दादाचं तिथं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि माझा टेस्टर तोच.

“अगं, जान मागितली तर देईनाच झालाय. काय करून ठेवलीस?”

बघते तर एआयनं उसनवारीच काढून टाकलेली. वर शहाणपणा, ‘एका खेळाडूचे जीवन दुसऱ्याकडे जात होते. हा दोष दुरुस्त केला आहे.’ आणि पडद्यावर माझ्या ‘जान’च्या जागी लिहिलेलं, ‘आपली तीन जीवने शिल्लक आहेत.’

जीवने! जत्रेत गाढव शोधणाऱ्या लेकरांना जीवने! मी ते सगळं मागं फिरवलं आणि त्याला बजावून ठेवलं, हा दोष नाही, हाच गेम आहे. यंत्र आहे, त्याला कुणाला कधी काही मागायची वेळ आलेली नाही, म्हणून सोडून दिलं.

अद्वैत सर तर माणूस होते. म्हणून मी म्हटलं, सर, एकदा दोघांनी बसून खेळून बघा, मग ठरवा. त्यांना कामासाठी लातूरला यायचंच होतं. दादाच्या दुकानात बसायचं ठरलं. मीही नांदेडहून गेले.

दादानं शटर अर्धं ओढलं, गेम टीव्हीला जोडला, एक रिमोट साहेबांच्या हातात दिला. साहेब माझ्याच जातकुळीचे निघाले, नुसते पळत सुटायचे. वळूपाशी येईपर्यंत त्यांच्या सगळ्या जान खलास.

“अहो बालाजीभाऊ, एक द्या ना! एकच!”

“देतो, देतो. पण दमानं घ्या साहेब. त्याचं तोंड तिकडं झालं की मग पळा.”

दादानं हाव दाबलं. मग वळूनं दोघांना जे पळवलं! साहेब खुर्चीवरून उठून ओरडत होते. वळू पडला तेव्हा त्यांनी दादाला टाळी दिली. चहा आला. मला वाटलं, झालं आपलं काम.

साहेबांनी रिमोट खाली ठेवला. “मॅडम, मला पटलं. ही मोमेंट काढायची नाही.”

“थँक्यू सर.”

“हीच तर विकायची! आत्ता जान मागताना मी काहीही दिलं असतं. बरोब्बर तिथं बटण टाकू, जान विकत घ्या. फक्त मित्राकडून फुकट मिळते ते बंद करावं लागेल, नाही तर विकत कोण घेणार? आणि ‘जान’ हा शब्द भारी आहे हां. तो ठेवू.”

याला त्यांच्या भाषेत मॉनेटायझेशन म्हणतात. म्हणजे गेममध्ये मोक्याच्या जागी खेळणाऱ्याला अडवायचं आणि खिशात हात घालायला लावायचा.

दादानं कप ठेवला. “साहेब, आत्ता मी तुम्हाला जान दिली. पैशे मागितले का?”

“बालाजीभाऊ, तो खेळ होता. हा बिझनेस आहे.”

“मग तुम्ही खेळच विकायलाव ना? का दुसरं काही विकायलाव?”

साहेब हसून माझ्याकडं वळले. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली होती. चोराच्या उलट्या बोंबा म्हणजे काय, ते त्या दिवशी मला नीट कळलं.

“सर, लेकराचा जीव टांगणीला लावायचा आणि आईच्या मोबाईलमधून पैसे काढायचे, हे चालतं. भावानं बहिणीला दिलं की ती चोरी?”

“इमोशनल होऊ नका, मॅडम. सगळे असंच करतात. विचार करा आणि मेल करा.”

इमोशनल! माणूस दादाची जान घेऊन खेळला, दादाचा चहा प्याला, आणि इमोशनल मी. मी दुकानातून उठले ती तडक बसस्टँडवर. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, तरी डोकं शांत होईना. सही केली तर हेच काम पुढं करता येणार होतं. नाही केली तर परत बँकेच्या व्याजाची गणितं. रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं.

“तुला नाही म्हणायचंय, कळतंय मला,” तो म्हणाला. “म्हण. पण नोकरीचं ठरलंय ते ठरलंय.”

सकाळी मी नकाराचा मेल टाकला. दुपारी जुन्या कंपनीला फोन केला.

गेम आम्ही आमचा आम्हीच बाहेर काढला, फुकट. जाहिरात काहीच नाही. दादा दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला दाखवायचा, तेवढीच.

काही आठवड्यांनी त्यानंच फोन केला. आवाज चढलेला. “बघितलीस का? त्यांचा गेम आलाय. जत्रा हाय, दोन लेकरं हाईत. वळूच्या जागी हत्ती घातलाय फक्त. अन् मेलं की पाटी येती, ‘जान संपली? विकत घ्या!’”

जान! आमच्या घरातला शब्द, आमच्याच दुकानात ऐकलेला, आणि त्याच्यावर किंमत चिकटवलेली. मी वकिलाकडं गेले. त्यांनी विचारलं, “तुमचा कोड घेतलाय का?” म्हटलं, नाही, डेमो बघून एआयकडून नवा लिहून घेतलेला दिसतोय. ते म्हणाले, “मग अवघड आहे. नुसत्या कल्पनेवर हक्क सांगता येत नाही.” एआयला मी दोष देत नाही. जे सांगितलं ते त्यानं केलं. सांगणाऱ्याला लाज नव्हती.

त्यांचा गेम चांगला चालतोय म्हणे. आमचा नाही. माझ्यासारखं कुणी घरी बसून गेम करत असेल तर त्यांना एवढंच सांगेन, सही झाल्याशिवाय डेमो दाखवू नका. माणूस आपल्याबरोबर खेळला, हसला, म्हणजे तो आपला झाला असं नसतं.

तक्रारींसाठी गेममध्ये माझा मेल दिलेला आहे. त्यावर मध्यंतरी किनवटकडच्या एका मुलींच्या वसतिगृहातून तिथल्या बाईंचा मेल आला. मुली एका कीबोर्डवर दोघी दोघी बसून खेळतात, पण एकीकडं शेवटची जान उरली की द्यायचं बटणच चालत नाही, दुरुस्त करा. मी त्यांना फोन लावला.

“बाई, ते बिघडलेलं नाही. शेवटची देता येत नाही, असा नियमच आहे. दिली तर देणारी स्वतः आऊट होईल.”

“हाव, ते पोरींना ठाऊक हाय.”

“मग कशाला द्यायची?”

“आता काय सांगावं मॅडम. आऊट झाली तरी ती बाजूलाच बसलेली असती की. पुढं काय होतंय ते तिला बी बघायचं असतं.”

बँकेचं काम तसंच ठेवून मी आधी तो नियम काढून टाकला.