अप्पा दार का लावायचे

विश्वनाथअप्पांची अर्धवट राहिलेली शेवटची घागर मी बिघडवली. जन्मभर कॉलेजात धातुशास्त्र शिकवलेल्या माणसानं हे लिहून देणं बरं दिसत नाही, पण गंगाखेडात सगळ्यांना ठाऊकच आहे...

अप्पा तांबट जाऊन दीड महिना झाला. पालमकडच्या एका महादेवासाठी घडवायला घेतलेली ती घागर ऐरणीशेजारी तशीच पडून होती. श्रावणात ती बाबांच्याच हातची म्हणून देवळात पोचली पाहिजे, एवढंच त्यांच्या मुलीचं, उमाचं, म्हणणं. ठोकून ठोकून तांबं कडक झालेलं. ताव दिल्याशिवाय, म्हणजे भट्टीत लाल तापवून मऊ केल्याशिवाय, पुढं ठोकलं तर तडकणार. मी म्हटलं, ताव मी देतो.

अप्पांना मी वर्षानुवर्षं समजावत आलो होतो, की तांब्यात बारीक कण असतात, शेतांसारखे एकमेकांना खेटून. ठोक्यांनी त्यांची आतली घडी विस्कटते आणि तांबं अडून बसतं. ताव दिला, की बहुतेक त्या कणांच्या बांधांवरच नवे, मऊ कण जन्माला येतात. अप्पा शांतपणे ऐकायचे. "बांधावर भांडणंच जन्माला येतेत, मास्तर," म्हणायचे, आणि ताव द्यायच्या वेळी भर दुपारी दार लावून घ्यायचे. मी बाहेर. मला वाटायचं, हुन्नर लपवतात.

म्हणून मी दार सताड उघडं ठेवलं. ऊन थेट भट्टीपर्यंत. तांबं लाल दिसेना, मी भाता मारतोच आहे... उमानं धावत येऊन दार लोटलं, तर अंधारात घागर नारिंगी पेटलेली. मंद लाली उन्हात दिसतच नाही. अप्पा उजेडाला बाहेर ठेवत होते. एव्हाना आतले कण फुगले होते. पुढच्या ठोक्यांना घागरीचं अंग संत्र्याच्या सालीसारखं खडबडीत उठलं.

उमा रडली नाही. कण मोठे झाले म्हणजे बांध कमी, नव्या कणांना जन्मायला जागा कमी. त्याची भरपाई ठोक्यांनीच करावी लागते. हे माझं शास्त्र. ती नुसती दोन दिवस एकमेकांलगत दाट ठोके घालत राहिली. मग दार लावून हलका ताव, लगेच पाणी, पुन्हा हातोडा. गळ्याशी थोडी साल राहिली, बाकी अंग अप्पांच्या कामासारखं गुळगुळीत.

सोमवारी एसटीतून मांडीवर घेऊन आम्ही घागर नेली. गुरवानं भरली, थेंब गळला नाही. तिथंच उमाला एका कळशीचं काम मिळालं.

परतताना मी कबूल केलं, की उगाच अप्पांवर संशय घेतला. दार माझ्यासाठी लावत नव्हतेच.

उमा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "रंगासाठीच लावायचे, काका. पर तुमी येताना दिसले, की जरा लवकरच लावायचे."